उन्हाळ्यातील बटाट्याची कोशिंबीर

चैत्रात रामनवमीच्या दिवशी बंगळूर शहरात घरोघरी, देवळांत आणि रस्त्याकडेच्या मांडवांत कोसंबरी वाटली जाते. भिजविलेली मुगाची डाळ, काकडी, ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबाचा रस आणि वरून मोहरीची फोडणी, एवढाच त्या पदार्थाचा पसारा असतो. जोडीला गुळाचे पानक आणि ताक असते. कानडी कोसंबरी आणि मराठी कोशिंबीर ही एकाच घराण्यातील नावे आहेत, हे ओळखण्यास फारसे भाषाशास्त्र लागत नाही.

या शहरात मराठी भाषेचा वावरही जुना आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून येथे मराठी घरे नांदत आली आहेत. त्या घरांच्या उन्हाळी पानात कोसंबरीच्या शेजारी पुष्कळदा बटाट्याची थंड कोशिंबीर आढळते. शहाजीराजांच्या काळी मात्र येथील स्वयंपाकघरांना बटाटा ठाऊक नव्हता. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराच्या परिसरात, काही सहस्र वर्षांपूर्वी लागवडीस आलेला हा कंद युरोपीय दर्यावर्दी लोकांबरोबर आपल्या देशात आला. त्याचे मराठी नाव पोर्तुगीज भाषेतून आलेले आहे. दक्षिणेत त्याची लागवड रूढ झाली ती इंग्रजी अमलात. असा हा दूरदेशीचा पाहुणा आज आपल्या उपवासालादेखील चालतो, ही मौजेची गोष्ट होय.

बटाट्याची कोशिंबीर करणे सोपे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तरीही तिच्याविषयीच्या तक्रारी घरोघर ऐकू येतात. कोणाचा बटाटा फुटून त्याचा लगदा होतो, तर कोणाच्या फोडी आतून आळणी राहतात. दही फाटून पाणी सुटते. हिरवागार पाला तासाभरात काळवंडतो. याहून गंभीर अशी आणखी एक तक्रार असते. सकाळी केलेली कोशिंबीर दुपारी सर्वांनी आवडीने खाल्ली, आणि तीच सायंकाळी उरलेली खाऊन घरातील मुले आजारी पडली.

या साऱ्या तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे उष्णतामान. कोणता जिन्नस कोणत्या उष्णतामानाला मिसळावयाचा आणि तयार झालेला पदार्थ कोणत्या उष्णतामानात किती वेळ ठेवावयाचा, हे एकदा समजले की कोशिंबीर चवदार होते आणि निर्धोकही राहते. ते कसे, हे आता क्रमाने पाहू.

बटाट्याची पारख

बटाट्याच्या वजनात सुमारे चार-पंचमांश भाग पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः पिष्ट असते. पिष्ट म्हणजे ज्याची आपण कपड्यांना खळ करतो तोच पदार्थ. बटाट्याच्या प्रत्येक पेशीत त्याचे सूक्ष्म कण भरलेले असतात आणि या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने एकमेकींना जोडलेल्या असतात. भिंतीतील विटा चुन्याने जोडलेल्या असाव्यात, तशीच ही रचना समजावी.

काही बटाट्यांत पिष्ट अधिक असते. उकडल्यावर त्यांच्या पेशी सुट्या होतात आणि बटाटा पिठूळ लागतो. वडे, पराठे आणि सारण यांसाठी असा बटाटा उत्तम. ज्यांत पिष्ट कमी व पाणी अधिक, ते बटाटे उकडल्यावरही घट्ट राहतात व त्यांच्या फोडी स्वच्छ कापल्या जातात. कोशिंबिरीला हे दुसऱ्या प्रकारचे बटाटे हवेत. नवा, कोवळ्या सालीचा बटाटा सहसा या वर्गात मोडतो.

बाजारात मात्र सर्व प्रकार एकाच ढिगात असतात. कर्नाटकात हासन जिल्ह्यात बटाट्याचे मोठे पीक पावसाळी हंगामात येते. कोलार व चिक्कबळ्ळापूर हे बंगळूरच्या शेजारचे जिल्हेही बटाटा पिकवितात. शिवाय शीतगृहांत साठविलेला माल असतोच. १९४९ साली पाटणा येथे स्थापन झालेल्या व १९५६ साली सिमल्यास हलविलेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांसाठी अनेक वाण काढले आहेत. १९६८ साली प्रसृत झालेला 'कुफरी ज्योती' हा त्यांतील एक वाण दक्षिणेतही फार पसरला. परंतु विकत घेताना वाणाचे नाव कोणी सांगत नाही. म्हणून घरच्या घरी करता येण्याजोगी एक परीक्षा येथे देतो.

अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ पूर्ण विरघळवावे व त्यात धुतलेला बटाटा सोडावा. पिष्ट पाण्यापेक्षा जड असते. त्यामुळे पिष्ट अधिक असलेला बटाटा त्या खारट पाण्यात तळाशी जातो आणि पिष्ट कमी असलेला बटाटा तरंगतो. तरंगणारे बटाटे कोशिंबिरीसाठी ठेवावेत, बुडणारे वड्यांसाठी बाजूला काढावेत. एकदा केलेले हे पाणी सबंध पिशवीच्या परीक्षेला पुरते.

हिरवा बटाटा

पारख करताना आणखी एक गोष्ट पाहणे अत्यंत आवश्यक आहे. उजेडात राहिलेल्या बटाट्याची साल हिरवी होते. हा हिरवा रंग पानांतील हरितद्रव्याचाच असतो आणि तो स्वतः निरुपद्रवी असतो. परंतु ज्या उजेडाने हरितद्रव्य तयार होते, त्याच उजेडाने सोलॅनीन व त्याच्या जातीची कडू विषारी द्रव्येही सालीत वाढतात. कोंब आणि डोळे यांत ती विशेष असतात. हिरवा रंग हा धोक्याचा कंदील होय, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९६९ साली लंडनमधील एका शाळेत ७८ मुले दुपारच्या जेवणानंतर आजारी पडली. त्यांना उलट्या, जुलाब आणि पोटदुखी सुरू झाली. काही मुलांना भ्रम झाला. १७ मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. शोध घेता असे आढळून आले की, जेवणातील बटाटे आधीच्या सत्रातील उरलेल्या पोत्यातले होते आणि ते उन्हाळ्याच्या सुट्टीभर तसेच पडून राहिले होते. त्यांत सोलॅनीनचे प्रमाण वाढलेले होते. बटाटे उकडलेले होते. पण उकळत्या पाण्याने हे विष नष्ट होत नाही. एक किलोग्रॅम ताज्या बटाट्यात या द्रव्यांचे प्रमाण २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. घरी हे मोजता येत नाही. म्हणून बटाटे अंधाऱ्या, थंड व हवेशीर जागी ठेवावेत. किंचित हिरवटपणा असल्यास तो भाग व डोळे खोलवर काढून टाकावेत. बराचसा हिरवा, सुरकुतलेला, कोंब फुटलेला किंवा चवीला कडू लागणारा बटाटा निःसंकोच फेकून द्यावा.

बंगळूरचे उकळते पाणी

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, असे आपण शाळेत शिकतो. ते समुद्रसपाटीवर खरे आहे. जसजसे आपण उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी उष्णतामानाला उकळते. सुमारे ३०० मीटरला एक अंश, असा ढोबळ हिशेब आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. तेव्हा येथील उघड्या पातेल्यातील पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते, आणि चुलीची आच कितीही वाढविली तरी त्यापुढे जात नाही. मुंबईहून बंगळुरास आलेल्या कुटुंबाला बटाटे शिजण्यास काहीसा अधिक वेळ लागतो असे वाटले, तर तो भास समजू नये.

कोशिंबिरीच्या दृष्टीने हे एका परीने सोयीचेच आहे. बटाटा तापू लागला की ६० ते ७० अंशांच्या दरम्यान पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व त्यांची खळ होते. त्यानंतर, ८५ अंशांच्या पुढे, पेशींना जोडणारे पेक्टिन वेगाने विरघळू लागते. पिष्ट पूर्ण शिजावे पण पेक्टिन फार विरघळू नये, अशी आपली इच्छा असते. प्रेशर कुकरमध्ये उष्णतामान १०० अंशांच्या बरेच वर जात असल्यामुळे पेक्टिन फार लवकर विरघळते; एक शिट्टी अधिक झाली की बटाटा फुटतो. म्हणून कोशिंबिरीचे बटाटे उघड्या पातेल्यात, मंद उकळीवर शिजवावेत.

पाणी आधी उकळून त्यात बटाटे टाकू नयेत. गार पाण्यात बटाटे घालून मग ते तापवावे. असे केल्याने उष्णता आतपर्यंत सावकाश व सारखी पोहोचते. बाहेरचा भाग गळून आतला कच्चा राहत नाही. दुसराही एक लाभ होतो. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या विशिष्ट प्रथिनांना विकर म्हणतात. बटाट्यातील एक विकर ५५ ते ७० अंशांच्या दरम्यान पेक्टिनमध्ये असा बदल घडवितो की, ते पाण्यातील व बटाट्यातील कॅल्शियमशी जखडले जाते व पुढे सहजी विरघळत नाही. पाणी हळूहळू तापले म्हणजे या विकराला आपले काम करण्यास अवधी मिळतो.

याच कारणाने पाण्याच्या जातीचाही परिणाम दिसतो. बंगळुरास कावेरीचे पाणी पहिल्या टप्प्यात १९७४ साली आले. परंतु आजही शहरातील पुष्कळ घरे खोल विंधनविहिरींच्या जड पाण्यावर अवलंबून आहेत. जड पाण्यात कॅल्शियम अधिक असते. तेव्हा एका घरी वीस मिनिटांत मऊ झालेला बटाटा दुसऱ्या घरी पंचवीस मिनिटांनी होतो. म्हणून घड्याळावर सर्वस्वी विसंबू नये. पातळ सुरीचे टोक बटाट्याच्या मध्यापर्यंत अडखळल्याशिवाय गेले, की तो शिजला.

बटाटे सालीसकट उकडावेत. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे २० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. सालीसकट उकडल्यास त्यातील सुमारे १३ मिलिग्रॅम शिल्लक राहते. सोलून उकडल्यास बराच अधिक भाग पाण्यात जातो. चवीचा विचार केला तरी साल असताना बटाटा पाणचट होत नाही.

आंबट केव्हा घालावे

आमटीत चिंच आधी घातली तर डाळ शिजत नाही, हे आपल्या घरांतील जुने ज्ञान आहे. त्याचे कारण असे की, सौम्य अम्लात पेक्टिन सर्वांत कमी विरघळते. हाच नियम बटाट्याला लागू पडतो. बटाटे फारच पिठूळ असतील व फुटण्याची भीती असेल, तर उकळत्या पाण्यात थोडा लिंबाचा रस घालावा. फोडी अभंग राहतात. बटाटे चांगले घट्ट असतील तर त्याची आवश्यकता नाही.

खरा प्रश्न आहे तो बटाटा शिजल्यानंतरचा. गार झालेल्या फोडींवर मीठ व लिंबू घातले तर चव वरवर राहते. गरम फोडींत ती चांगली मुरते, कारण फोडीच्या पृष्ठभागावरील खळ तेव्हा मऊ व ओलसर असते. गार झाल्यावर ती घट्ट होऊन तिचा थर बनतो. म्हणून बटाटे सोसवतील इतके गरम असतानाच सोलावेत, फोडी कराव्यात आणि लगेच मीठ, साखर व लिंबाचा रस त्यांवर घालून हलक्या हाताने परतावे.

दह्याचे नेमके उलट आहे. दही म्हणजे दुधातील प्रथिनांची नाजूक जाळी, व त्या जाळीत धरून ठेवलेले पाणी. गरम बटाट्यावर दही घातले की ही जाळी आकसते, पाणी सुटते, आणि आपण म्हणतो दही फाटले. मीठ घालून फार वेळ ठेवल्यानेही पाणी सुटते. तेव्हा लिंबू व मीठ गरम असताना घालावे. दही सर्व काही थंड झाल्यावर, वाढण्याच्या थोडे आधी घालावे. इतकी साधी विभागणी केली की आळणी फोड व फाटलेले दही या दोन्ही तक्रारी मिटतात.

ताजा पाला

बंगळूरच्या गल्ल्यांत सकाळी 'सोप्पु' अशी हाळी ऐकू येते. सोप्पु म्हणजे पालेभाजी. कोत्तंबरी सोप्पु म्हणजे कोथिंबीर, सब्बसिगे सोप्पु म्हणजे शेपू. पुदिना मात्र दोन्ही भाषांत पुदिनाच. शहराबाहेर हेसरघट्टा येथे असलेल्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने 'अर्का ईशा' नावाचा कोथिंबिरीचा जो वाण काढला आहे, तो एकदा पेरून पुनःपुन्हा कापता येतो. अंगणातील कुंडीतही अशी कोथिंबीर लावता येते.

या पाल्यांचा सुवास त्यांतील सुगंधी तेलांमुळे येतो. ही तेले पानांतील सूक्ष्म पिशव्यांत व ग्रंथींत साठलेली असतात आणि हवेत फार लवकर उडून जातात. पान चिरल्याबरोबर वास दरवळतो तो याच कारणाने; आणि चिरून ठेवलेल्या पाल्याचा वास तासाभरात मंदावतो तोही याच कारणाने. उष्णतेने ही उधळपट्टी अधिकच वाढते. म्हणून पाला गरम बटाट्यावर कधीही घालू नये.

रंगाचेही तसेच आहे. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. अम्लाच्या संपर्काने तो निघून जातो आणि हिरवा रंग मळकट, तपकिरी छटेचा होतो. उष्णता असेल तर हा बदल झपाट्याने घडतो. शिवाय बोथट सुरीने पाला चिरला की पेशी चेचल्या जातात, त्यांतील रस व विकर एकत्र येतात आणि पाने काळी पडतात. तेव्हा पाला धुऊन, पूर्ण निथळवून, धारदार सुरीने वाढण्यापूर्वीच चिरावा व सर्वांत शेवटी मिसळावा. पुदिन्याची पाने हातांनी तोडली तरी चालतात.

पुदिना आणि शेपू यांचा एक चमत्कार येथे सांगण्यासारखा आहे. आपल्या बाजारातील नेहमीच्या पुदिन्याचा वास व शेपूच्या बियांचा वास ही दोन्ही कार्व्होन नावाच्या द्रव्याची कामगिरी आहे. दोहोंतील अणू तेच, त्यांची संख्या तीच, जोडणीही तीच. फक्त एकाचा रेणू हा दुसऱ्याच्या आरशातील प्रतिबिंबासारखा असतो. उजवा हात आणि डावा हात यांत जेवढा फरक, तेवढाच येथे आहे. तरीही आपले नाक एकाला पुदिना म्हणते व दुसऱ्याला शेपू म्हणते. मनुष्याच्या नाकाइतके सूक्ष्म उपकरण स्वयंपाकघरात दुसरे नाही.

सर्वांची नाके मात्र सारखी नसतात. काही लोकांना कोथिंबिरीला साबणासारखा वास येतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, या नावडीचा काही अंशी संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी आहे. तेव्हा पंक्तीतील एखाद्याने कोथिंबीर बाजूला सारली, तर त्यास हट्टी म्हणू नये. त्याच्यासाठी पुदिन्याची वेगळी वाटी ठेवावी.

पाला कच्चाच खावयाचा असल्याने तो धुण्यात कसूर करू नये. मोठ्या शहरांच्या कडेला सांडपाणी मिसळलेले पाणी भाज्यांना दिले जाते, हे बंगळूरच्या बाबतीतही खरे आहे. मुळे कापून टाकावीत, सडकी पाने काढावीत, मोठ्या भांड्यातील पाण्यात जुडी बुचकळून माती तळाशी बसू द्यावी आणि पाणी दोन-तीनदा बदलावे. शेवटी वाहत्या पाण्याखाली धरावे. याने माती जाते व जंतूंची संख्या पुष्कळ घटते. ती शून्य होत नाही, हे लक्षात ठेवूनच पुढील भाग वाचावा.

धोक्याचे तास

उन्हाळी पंक्तीत कोणी आजारी पडले की दोष बहुधा दह्यावर येतो, किंवा विलायती धर्तीची कोशिंबीर असेल तर अंड्याच्या मेयोनेझवर. वास्तविक दही आंबट असते आणि बाजारी मेयोनेझमध्ये व्हिनेगर असते. या दोहोंत बहुतेक रोगजंतूंना वाढणे अवघड जाते. ज्याच्यावर कोणी संशय घेत नाही तो उकडलेला बटाटाच जंतूंना अधिक मानवतो. तो ओलसर असतो, पौष्टिक असतो व त्यात अम्ल फार थोडे असते.

५ अंश ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो. एप्रिलमध्ये बंगळूरचे दुपारचे उष्णतामान सरासरी ३४ अंशांच्या आसपास असते. एप्रिल २०१६ मध्ये ते ३९.२ अंशांपर्यंत चढले होते. थंड हवेचे शहर म्हणून लौकिक असलेल्या या गावातील ओट्यावर ठेवलेले पातेले उन्हाळ्यात याच पट्ट्याच्या ऐन मध्यावर असते. अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक होतात. सकाळी नऊला केलेली व दुपारी तीनला खाल्लेली कोशिंबीर यांतील अंतर एवढे मोठे असते.

उकडण्याने सर्व जंतू मरतात ना, अशी शंका येथे येईल. जंतू मरतात, परंतु काहींची बीजाणुरूपे उकळत्या पाण्यातही टिकतात आणि पदार्थ कोमट झाला की रुजतात. बॅसिलस सेरियस हा त्यांपैकी एक. दुसरा प्रकार आपल्या हातांवरून येतो. हातावरील गळू, चिरलेले बोट किंवा नाक यांतून येणारे स्टॅफिलोकॉकस जंतू गरम फोडी करताना त्यांत मिसळतात. त्यांनी एकदा विष सोडले, की पदार्थ पुन्हा उकळूनही ते नाहीसे होत नाही. म्हणून 'पुन्हा गरम केले की झाले' हा समज चुकीचा आहे.

तिसरा प्रकार क्वचित आढळतो, पण तो भयंकर आहे. १९९४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, एल पासो शहरी, एका उपाहारगृहात जेवलेल्या ३० व्यक्तींना बॉट्युलिझम हा मज्जातंतू लुळे पाडणारा विकार झाला. तेथे अॅल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळून भाजलेले बटाटे त्याच वेष्टनात कित्येक दिवस बाहेरच ठेवले होते आणि नंतर ते चटणीसारख्या एका पदार्थात वापरले होते. या रोगाच्या जंतूंना प्राणवायू नको असतो. वेष्टनाच्या आत त्यांना तशीच जागा मिळाली. यावरून घ्यावयाचा धडा असा की, शिजविलेले बटाटे गुंडाळून किंवा घट्ट झाकणाच्या भांड्यात बंद करून रात्रभर ओट्यावर ठेवू नयेत.

उपाय कठीण नाहीत. फोडी परातीत एकेरी पसरून पंख्याखाली ठेवल्या की झपाट्याने निवतात. खोल पातेल्यात त्या तासन्‌तास कोमट राहतात. निवताच उथळ भांड्यात घालून शीतकपाटात ठेवाव्यात. तयार कोशिंबीर बाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवेचे उष्णतामान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासापेक्षा अधिक नको. लिंबू व दही यांची मदत होते. पण फोडीच्या गाभ्यापर्यंत पुरेसे अम्ल पोहोचले की नाही हे घरी कळत नाही, म्हणून केवळ आंबटपणावर भिस्त ठेवू नये. पंक्ती लांबणार असेल तर सर्व कोशिंबीर एकदम बाहेर न काढता लहान लहान भांड्यांतून वाढावी. डब्यातून न्यावयाची असल्यास ती आधी पूर्ण थंड करावी व थंड केलेल्या थर्मासमध्ये भरावी. उन्हाळ्यात वीज बराच वेळ गेली असेल व शीतकपाट कोमट झाले असेल, तर उरलेल्या कोशिंबिरीचा मोह धरू नये. वासावरून तिची परीक्षा होत नाही; रोगकारक जंतूंनी भरलेल्या अन्नाचा वास व चव पुष्कळदा चांगलीच असते.

थंड बटाट्यातील पिष्ट

थंड करण्याचा आणखी एक परिणाम होतो. शिजताना सैल झालेले पिष्टाचे रेणू थंडीत पुन्हा एकमेकांना बिलगतात व त्यांची घट्ट बांधणी होते. अशा पिष्टाच्या काही भागावर आपल्या आतड्यातील पाचक रसांचे काही चालत नाही. तो तंतुमय पदार्थांप्रमाणे मोठ्या आतड्यापर्यंत जातो व तेथील उपयुक्त जंतूंचे अन्न होतो. त्यामुळे गरम बटाट्यापेक्षा थंड बटाट्याने रक्तातील साखर काहीशी कमी वेगाने वाढते. परंतु हा भाग थोडा असतो. मधुमेही व्यक्तीने याचा अर्थ 'हवा तितका बटाटा चालतो' असा घेऊ नये. तिच्यासाठी वाटी लहानच बरी.

कृती

चार ते पाच माणसांसाठी पुढील प्रमाण घ्यावे : लहान, घट्ट बटाटे ५०० ग्रॅम, एका लिंबाचा रस, मीठ चवीपुरते, साखर पाऊण चमचा, घट्ट दही एक वाटी, भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट दोन मोठे चमचे, बारीक चिरलेली कोथिंबीर अर्धी वाटी, शेपूची कोवळी पाने दोन मोठे चमचे, पुदिन्याची दहा-बारा पाने. फोडणीस शेंगदाण्याचे तेल एक मोठा चमचा, मोहरी, हिंग, एक हिरवी मिरची व कढीलिंबाची पाच-सहा पाने.

बटाटे धुऊन पातेल्यात घालावेत व ते बुडून वर दोन बोटे राहील इतके गार पाणी आणि एक चमचा मीठ घालावे. मध्यम आचेवर उकळी आणून आच मंद करावी. उकळी आल्यापासून पंधरा मिनिटांनी सुरीचे टोक घालून पाहावे. शिजताच पाणी काढून टाकावे. हात स्वच्छ धुऊन बटाटे सोलावेत, अंगठ्याच्या पेराएवढ्या फोडी कराव्यात आणि गरम असतानाच लिंबाचा रस, मीठ व साखर घालून हलवाव्यात. त्याच वेळी फोडणी करून ती वर ओतावी. तेलाचा सुगंधही फोडींत उतरतो. मग त्या परातीत पसरून वीस मिनिटे निववाव्यात आणि उथळ भांड्यात घालून शीतकपाटात किमान एक तास ठेवाव्यात. पाने मांडण्याच्या वेळी दही घुसळून मिसळावे, कूट घालावे आणि अखेरीस चिरलेला पाला घालून एकदाच हलवावे.

उपवासासाठी तेल, मोहरी व हिंग यांऐवजी साजूक तूप व जिरे यांची फोडणी द्यावी आणि शेपू वगळावा. गार बटाट्यावर तूप गोठते, म्हणून ही फोडणीदेखील फोडी गरम असतानाच घालावी. कोथिंबीर उपवासाला चालते की नाही, याचा निर्णय ज्या त्या घराच्या रीतीवर सोपवावा.

या सगळ्या खटाटोपात महागडे असे काहीच नाही. बटाटा तोच, दही तेच, पाला दारावर येतो तोच. बदलतो तो क्रम : गार पाण्यातून मंद उकळी, गरम फोडीवर लिंबू, थंड फोडीवर दही, सर्वांच्या शेवटी पाला, आणि उरलेले तासाभरात पुन्हा थंडाव्यात. या क्रमाने केलेली कोशिंबीर दुपारी जितक्या आवडीने खाल्ली जाते, तितक्याच निश्चिंतपणे ती रात्री मुलांच्या पानात वाढता येते.